संग्रहालयातील संध्याकाळ आणि हरवलेली वही

'कला आणि चळवळ' हा जोडशब्द आपल्या सांस्कृतिक व्यवहारात पुन्हा एकदा रुळू लागला आहे. एके काळी तो कामगारवस्तीतल्या मैदानावर, युनियनच्या कचेरीत किंवा महाविद्यालयाच्या कट्ट्यावर ऐकू येई. आता तो वस्तुसंग्रहालये आणि कलादालने यांच्या निमंत्रणपत्रिकांवर छापलेला आढळतो. एरवी सायंकाळी दारे बंद करणारे संग्रहालय त्या दिवशी उशिरापर्यंत उघडे राहते. काचेच्या कपाटांमधल्या मोकळ्या जागेत सतरंज्या पडतात, कुणी शाहीर डफ घेऊन येतो, कुणी चित्रकार आपल्या चित्रांविषयी बोलतो, मग चर्चा होते, चहा होतो आणि दूरच्या उपनगरांतली मंडळी घड्याळाकडे पाहत स्थानकाच्या दिशेने निघतात. संग्रहालयाने समाजाजवळ जावे म्हणून हा खटाटोप, असे त्याचे समर्थन केले जाते. समर्थनात खोटे काही नाही. परंतु अशा तीन-चार संध्याकाळी श्रोत्यांत बसून आणि एक संध्याकाळ स्वतः व्यासपीठावर बसून काढल्यानंतर प्रस्तुत लेखिकेच्या मनात जे प्रश्न उभे राहिले, ते मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांपुढे ठेवावेत असे वाटले. प्रश्न संग्रहालयशास्त्राचे कमी आणि आपल्या विद्याशाखेचे अधिक आहेत.

अशा संध्याकाळी चर्चा बहुधा एका ठरावीक वळणाने जाते. कला प्रचारकी झाली की तिचे कलापण उरते काय, असे कोणीतरी विचारतो; दुसरा कोणीतरी, जीवनापासून तुटलेल्या कलेला अर्थ काय, असे प्रत्युत्तर देतो. मराठी वाचकाला हा वाद नवा नाही. फडके-खांडेकरांच्या काळापासून 'कलेसाठी कला' आणि 'जीवनासाठी कला' या दोन तंबूंत आपण आलटून पालटून राहिलो आहोत. पुढे 'बांधिलकी' या शब्दाने त्याच वादाला नवे कपडे चढवले. मला हा वाद आता निष्फळ वाटतो. तो सोडून दोन साधे प्रश्न विचारावेत. संग्रहालयाच्या छपराखाली खुद्द त्या संग्रहालयाविषयी बोलण्याची मुभा आहे काय? आणि त्या संध्याकाळी जे गायले, बोलले, केले गेले, त्यातले दुसऱ्या दिवशी सकाळी त्या इमारतीत काय शिल्लक राहते?

पहिल्या प्रश्नाला एक प्रसंग पुरेसा आहे. मुंबईच्या फोर्ट भागातील सर कावसजी जहांगीर हॉल १९११ साली उभा राहिला तो सार्वजनिक सभांचे सभागृह म्हणून. त्याच वास्तूत १९९६ साली राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मुंबई शाखा सुरू झाली. सभेच्या जागी चित्रे आली. ८ फेब्रुवारी २०१९ रोजी तेथे प्रभाकर बरवे यांच्या चित्रांच्या सिंहावलोकनी प्रदर्शनाचे उद्‌घाटन होते आणि वक्त्यांमध्ये अमोल पालेकर होते. पालेकर हे मुळात जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेले चित्रकार. स्थानिक कलावंतांच्या ज्या सल्लागार समितीने हे प्रदर्शन ठरवले, ती समितीच बरखास्त झाली आहे, यापुढील निर्णय दिल्लीहून होणार आहेत, असा मुद्दा त्यांनी बोलताना मांडला. तेव्हा त्यांना मध्येच थांबवून बरवे यांच्यापुरतेच बोलावे, असे सांगण्यात आले. पुढे वृत्तपत्रांतून आणि वाहिन्यांवरून व्हायची ती चर्चा झाली.

थांबवणाऱ्यांची बाजूही समजून घ्यावी. बरवे चळवळीतले चित्रकार नव्हते. त्यांचे 'कोरा कॅनव्हास' (१९९०) ज्यांनी वाचले आहे त्यांना ठाऊक आहे, की वस्तू, अवकाश आणि रिकामेपण यांच्याशी हा माणूस किती एकाग्रतेने, किती खासगीपणे झुंजत होता. मराठीत चित्रकाराने चित्रप्रक्रियेविषयी लिहिलेल्या मोजक्या मोलाच्या ग्रंथांपैकी तो एक. आपल्या अभ्यासक्रमांनी त्याला ललित गद्य मानायचे की कलासमीक्षा, या घोळात आपण त्याला दोन्हीकडून बाहेर ठेवले, हे जाता जाता नमूद करते. तर अशा चित्रकाराच्या प्रदर्शनात संस्थेच्या कारभाराची चर्चा कशाला, असे कोणाला वाटू शकते. पण मला नेमके उलटे वाटते. बरव्यांच्या चित्रांना त्या भिंती कोणाच्या निर्णयाने मिळाल्या आणि उद्याच्या बरव्यांना त्या कोणाच्या निर्णयाने मिळतील वा मिळणार नाहीत, हा त्या संध्याकाळचा सर्वांत प्रस्तुत प्रश्न होता. कला आणि चळवळ यांचा संबंध चित्रातल्या विषयापाशीच शोधणे ही आपली सवय आहे. तो भिंतीपाशीही असतो.

आणि कलासंग्रहालयाकडे बोट दाखवण्याआधी आपण आपल्या अंगणाकडे पाहिलेले बरे. त्याच हिवाळ्यात, जानेवारी २०१९ मध्ये, यवतमाळच्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या उद्‌घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण आयोजकांनी मागे घेतले होते. पालेकरांनी आपल्या भाषणात त्याचाही उल्लेख केला होता. एका ठिकाणी वक्त्याला मध्येच थांबवले, दुसऱ्या ठिकाणी तो येण्याआधीच. फरक एवढाच.

हे झाले मुंबईचे. मी ज्या पट्ट्यात राहते आणि शिकवते, त्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीत असे प्रसंग घडण्याइतकी मोठी संग्रहालयेच नाहीत. येथे गडकरी रंगायतन आहे, आचार्य अत्रे रंगमंदिर आहे, सावित्रीबाई फुले कलामंदिर आहे. ठाण्याने २०१० साली आणि डोंबिवलीने २०१७ साली साहित्य संमेलने भरवली. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे आहे. पण राणीच्या बागेतल्या किंवा फोर्टातल्या संग्रहालयाच्या तोलाचे संग्रहालय या लक्षावधींच्या वस्तीला नाही. आमच्या विद्यार्थ्यांना संग्रहालय पाहायचे तर गाडीने भायखळ्याला जावे लागते.

काही वर्षांपूर्वी मी असा एक वर्ग डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात नेला होता. १८७२ साली व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट या नावाने उघडलेले, १९७५ साली भाऊ दाजींचे नाव मिळालेले आणि दीर्घ दुरुस्तीनंतर २००८ साली पुन्हा खुले झालेले हे देखणे दालन. तेथे मातीच्या छोट्या मूर्ती आहेत : एकोणिसाव्या शतकातल्या नाना जातीजमातींच्या, नाना धंद्यांच्या माणसांच्या. पोशाख, पागोटी, हातातली हत्यारे, सारे बारकाईने केलेले. मुले रमली. शहाडहून येणारी एक मुलगी मात्र बराच वेळ एका कपाटासमोर उभी होती. ''मॅडम, ह्यांची नावं नाहीत लिहिलेली,'' ती म्हणाली. ''धंदा लिहिलाय, जात लिहिलीय. नाव नाही.'' तिला समजावण्यासाठी मी वसाहतकालीन वर्गीकरणाची दृष्टी वगैरे सांगू लागले आणि आपण पाठ्यपुस्तकातला परिच्छेद वाचून दाखवतो आहोत, असे माझे मलाच वाटले. तिचे निरीक्षण माझ्या विवेचनापेक्षा पुढे गेलेले होते.

या मुलीची आठवण मला पुढे सुधीर पटवर्धनांच्या चित्रांसमोर आली. डॉ. पटवर्धन हे ठाण्याचे. १९७५ पासून २००५ पर्यंत त्यांनी ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केले आणि त्याच काळात चित्रे काढली. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयातून शिकून आलेला, मार्क्सवादी विचारांच्या संस्कारातून गेलेला हा डॉक्टर दिवसभर माणसांच्या हाडांची छायाचित्रे पाही आणि उरलेल्या वेळात त्याच माणसांना, म्हणजे कामगार, पाटीवाले, इराण्याच्या हॉटेलात एकटे बसलेले गिऱ्हाईक, गाडीतले प्रवासी यांना, त्यांच्या पूर्ण वजनासह कॅनव्हासवर आणी. १९८१ सालच्या 'प्लेस फॉर पीपल' या गाजलेल्या प्रदर्शनात भूपेन खक्कर, गुलाम मोहम्मद शेख, विवान सुंदरम्, नलिनी मलानी, जोगेन चौधरी यांच्या बरोबरीने त्यांची चित्रे होती. भारतीय चित्रकलेत माणसाला पुन्हा जागा करून देण्याची ती खटपट होती. मराठी साहित्यात दलित आणि ग्रामीण प्रवाहांनी त्याच सुमारास जे केले, त्याच्याशी हिची तुलना करणारा एखादा प्रबंध कोणी तरी करावयास हवा.

त्यांची 'पोखरण' किंवा 'उल्हासनगर' यांसारखी चित्रे आमच्या भागाची आहेत. पोखरण म्हणजे ठाण्यातला पोखरण रस्ता. एका बाजूला टेकड्या, दुसऱ्या बाजूला कारखाने आणि त्यांच्या मधून फुटत गेलेली वस्ती. ज्यांनी गेल्या चाळीस वर्षांत हा रस्ता पाहिला आहे, त्यांना तेथले कारखाने जाऊन उंच इमारती कशा आल्या, हे वेगळे सांगावयास नको. कादंबरीने हा बदल फारसा टिपला नाही. मुंबईच्या गिरणगावावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले. वागळे इस्टेटीवर, आंबिवली-मोहन्याच्या एन. आर. सी. कारखान्यावर, जो २००९ साली बंद पडला आणि ज्याच्या कामगारांच्या देण्यांचा प्रश्न पुढे कित्येक वर्षे रेंगाळला, त्यावर आपल्यापाशी काय आहे? उपनगराच्या या कष्टकरी बाजूची नोंद मराठी लेखकाआधी एका मराठी चित्रकाराने घेतली, हे आपण कबूल केले पाहिजे.

याच पटवर्धनांचे सिंहावलोकनी प्रदर्शन २०१९ च्या नोव्हेंबरअखेरीपासून २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत त्याच कावसजी जहांगीर हॉलमध्ये भरले. मी ते दोनदा पाहिले. दुसऱ्या वेळी मुद्दाम चित्रांकडे पाठ करून पाहणाऱ्यांकडे पाहत राहिले. गर्दी चांगली होती, जाणत्यांची होती. चित्रांतल्या माणसांसारखी माणसे मात्र मला दिसली ती दाराशी, पहारेकऱ्याच्या गणवेषात. यात चित्रकाराचा दोष नाही. किंबहुना हा प्रश्न त्यांनी स्वतःला फार पूर्वी विचारलेला दिसतो. २००८-०९ मध्ये त्यांनी 'विस्तारणारी क्षितिजे' या नावाने समकालीन भारतीय चित्रकलेचे एक फिरते प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहरांतून नेले. मूळ चित्रे मुंबईबाहेरच्या मराठी माणसाला पाहता यावीत, हा त्यामागचा हेतू. मोठ्या चित्रकाराने दुसऱ्यांची चित्रे घेऊन गावोगाव जावे, ही गोष्ट मला त्यांच्या एखाद्या चित्राइतकीच महत्त्वाची वाटते. रणजित होस्कोटे यांनी पटवर्धनांवरील आपल्या ग्रंथाला (२००४) जे इंग्रजी शीर्षक दिले, त्याचा आशय 'पाहणारा आणि सामील असणारा' असा काहीसा होतो. 'सामील' हा शब्द मला पुढे लागणार आहे.

दुसरा प्रश्न, सकाळी काय उरते हा. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण जुन्या ठाणे जिल्ह्यातच आहे. २०१४ साली पालघर वेगळा होईपर्यंत डहाणू-तलासरी हा आमचाच जिल्हा होता. तेथल्या वारली समाजात लग्नाच्या वेळी झोपडीच्या आतल्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. त्यात पालघट देवी बसते. आणि धवलेरी लग्नाची गाणी गाते. चित्र, गाणे आणि विधी यांची तेथे फारकत नाही. १९७० च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी या चित्रकाराच्या प्रयत्नाने ही चित्रे कागदावर आली. जिव्या सोमा मशे यांच्यासारखा असामान्य प्रतिभेचा कलावंत पुढे आला. १९८९ साली त्यांची चित्रे पॅरिसच्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात लागली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते वारले. त्यांच्या कर्तृत्वाविषयी मला नितांत आदर आहे. पण भिंतीवरून कागदावर येताना दोन गोष्टी मागे राहिल्या. एक म्हणजे धवलेरीचे गाणे. संग्रहालयाला टांगता येते ते चित्र त्याने घेतले. गाणे टांगता येत नाही. ते उचलणे हे आमचे, भाषा-साहित्य विभागांचे काम होते. लोकसाहित्याच्या काही साक्षेपी अभ्यासकांनी ते केले, पण एखाद्या वारली चित्रापुढे उभे राहून त्याच्याबरोबरचे गाणे ऐकता येईल, अशी जागा आपण निर्माण केली नाही.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. टिटवाळा आज कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेत मोडते आणि बहुतेकांना ते गणपतीमुळे ठाऊक आहे. त्या परिषदेला उंबरगाव भागातले काही वारली आले होते. तेथून वेठबिगारीविरुद्धच्या उठावाला तोंड फुटले. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला, माणसे मेली, पण वेठ संपली. गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) हे पुस्तक त्या लढ्याचे. १९७२ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. या पुस्तकात 'लग्नगडी' हा शब्द येतो. लग्नासाठी सावकाराकडून काढलेले थोडेसे कर्ज फेडता फेडता जो आयुष्यभर, बायकोसह, त्याच्या दावणीला बांधला जाई, तो लग्नगडी. लग्नाच्या चौकाची चित्रे आपण दिवाणखान्यात लावली, चहाच्या कपांवर आणि पडद्यांवर छापली. त्याच लग्नापायी माणूस गहाण पडत असे, हे त्या चित्राच्या शेजारी कोणत्याही पाटीवर लिहिलेले मी पाहिलेले नाही. चित्र कलासंग्रहालयाकडे, गाणे लोकसाहित्याकडे, लढा इतिहासाकडे आणि पुस्तक 'आत्मकथन' या शीर्षकाखाली आमच्याकडे. एका लग्नाची आपण अशी चार खात्यांत वाटणी केली. 'कला आणि चळवळ' या विषयावर संध्याकाळ करायचीच, तर ती टिटवाळ्यात करावी आणि या चारही गोष्टी एका खोलीत आणाव्यात, असे मला वाटते.

संग्रहालयावाचून आमच्याकडे अशा संध्याकाळी मुळीच झाल्या नाहीत, असे मात्र नाही. ठाण्यात रत्नाकर मतकरी यांनी समता विचार प्रसारक संस्थेच्या साथीने २०१४ साली 'नाट्यजल्लोष' सुरू केला. बालरंगभूमीला आणि गूढकथेला वाहिलेला लेखक अशी मतकरींची ओळख आपण सोयीने पक्की करून टाकली आहे; दलितांवरील अत्याचाराचा विषय थेट प्रेक्षकांत आणून मांडणारे 'लोककथा ७८' लिहिणारेही तेच. त्यांच्या कल्पनेतल्या या 'वंचितांच्या रंगमंचा'चे वैशिष्ट्य असे, की ठाण्यातल्या वेगवेगळ्या वस्त्यांतल्या मुलामुलींनी आपल्याच जगण्यातले विषय घ्यावेत, आपणच लिहावे, बसवावे आणि करावे. जाणत्यांनी मदत करावी, पण हातात लेखणी धरून देऊ नये. मतकरी २०२० च्या मे महिन्यात गेले. त्यांच्या साठहून अधिक वर्षांच्या लेखनाचा मागोवा घेणारे लेख त्यानंतर पुष्कळ आले. या उपक्रमाचा उल्लेख त्यांत बहुधा शेवटच्या परिच्छेदात, सामाजिक कार्य म्हणून आला. त्यांच्या नाट्यविचाराचा तो शेवटचा आणि कदाचित सर्वांत धाडसी टप्पा होता, असे मी म्हणेन. नाटककाराने आपले नाटककारपण बाजूला ठेवून संहितेचा अधिकारच दुसऱ्यांना देणे, ही गोष्ट संहिताकेंद्री समीक्षेच्या आवाक्यात न येणारी आहे, म्हणून ती तिच्या नजरेतून सुटली.

येथे मला माझी स्वतःची गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगावी की नाही, याविषयी मी बरेच दिवस घुटमळत होते.

आमच्या परिसरातील एका संस्थेने (तिचे नाव येथे अगत्याचे नाही) आपल्या जुन्या वस्तूंच्या दालनात अशीच एक सामुदायिक संध्याकाळ योजली होती आणि तिचे सूत्रसंचालन माझ्याकडे दिले होते. कल्याण पूर्वेकडच्या एका वस्तीतली आमची द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी आणि तिच्या चार मैत्रिणी पाण्यावर वीस मिनिटांचे नाटुकले करणार होत्या. रात्री दोन वाजता येणारा टँकर, हंड्यांची रांग, रांगेत लागलेली झोप आणि सकाळी साडेसहाची गाडी, असा विषय. त्यात शेवटी टँकर कोणाच्या सांगण्यावरून कोणत्या गल्लीत आधी जातो, याविषयी चार-पाच वाक्ये होती. नाव कोणाचेच नव्हते, पण ऐकणाऱ्याला कळले असते. तालमीच्या वेळी आयोजकांपैकी एक सद्‌गृहस्थ माझ्यापाशी आले. अतिशय सौम्यपणे म्हणाले, ''बाकी सगळं फार छान आहे. तेवढं शेवटचं जरा कलात्मक करता येईल का?'' पाहुण्यांमध्ये कोण कोण येणार आहे, हे मला ठाऊक होते. मी त्या मुलीकडे पाहिले आणि म्हणाले, ''बघ, नाहीतरी शेवट थोडा लांबतोच आहे.'' तिने काही वाद घातला नाही. वहीतल्या त्या ओळींवर पेनने एक तिरकी रेघ मारली. प्रयोग उत्तम झाला. टाळ्या भरपूर पडल्या. मी समारोपात 'अभिव्यक्तीचे अवकाश' या विषयावर बोलले.

पालेकरांना थांबवण्यात आले, त्याविषयी वर मी जे लिहिले आहे ते मला आजही मान्य आहे. परंतु ते लिहिताना ही तिरकी रेघ माझ्या डोळ्यांपुढे होती, हे वाचकांना ठाऊक असावे. तेथे निदान सर्वांदेखत थांबवले गेले, म्हणून त्याची नोंद झाली. आमच्याकडे तालमीतच, शैलीविषयक सूचनेच्या रूपाने काम झाले. आणि त्या सूचनेवर शिक्का होता मराठीच्या पीएच. डी.चा. 'शेवट लांबतो आहे' हे वाक्य समीक्षेचे होते, म्हणूनच ते मुलीला खोडता आले नाही. आपली वाङ्मयीन परिभाषा कोणकोणत्या कामांना उपयोगी पडते, याचा हा धडा मला कोणत्याही साहित्यशास्त्रात मिळाला नव्हता.

पुढल्या वर्षी विभागाच्या भित्तिपत्रकासाठी मी तिच्याकडे ती वही मागितली. शेवटासकट नाटुकले छापावे, असे मनात होते. थोडे प्रायश्चित्तही त्यात असेल. वही नव्हती. पावसाळ्यात घरात पाणी शिरले, त्यात गेली. दोनशे पानी वही होती, म्हणाली. मागच्या बाजूला आणखी एक अर्धे नाटक होते.

मराठीच्या अभ्यासकाला पाण्यात गेलेल्या वह्या म्हटल्यावर काय आठवावे, हे सांगण्याची गरज नाही. मला मात्र इंद्रायणीपेक्षा संताजी जगनाडे आठवले. कीर्तनात तुकोबांच्या मागे टाळ धरून उभा राहणारा, व्यवसायाने तेली असलेला हा माणूस अभंग वहीत उतरवून ठेवत होता. ज्या वेळी ते उतरवले जात होते, त्या वेळी ते 'साहित्य' नव्हते. एका वाण्याचे कीर्तन होते, आणि ते ऐकून चिडणारी वजनदार माणसे गावात होती. संताजींच्या वह्यांवरून तुकोबांचा 'अस्सल गाथा' छापून काढला तो ठाण्याच्या विनायक लक्ष्मण भाव्यांनी. 'महाराष्ट्र सारस्वत'कार भावे. त्यांनी आणि विष्णु भास्कर पटवर्धन यांनी १८९३ साली ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय स्थापन केले. एकूण एक मराठी पुस्तक एका जागी असावे, या ईर्षेने दोन तरुणांनी केलेला तो उद्योग होता. आपल्या गावात संग्रहालय नाही, असे मी वर म्हटले. आहे, त्याच्या नावातच तो शब्द आहे. १८९३ साली या माणसांनी 'वाचनालय' हा रुळलेला शब्द न घेता 'संग्रहालय' घेतला, यामागे काही विचार असावा असे मला वाटते. वाचायला देणे हे एक काम. नाहीसे होऊ न देणे हे दुसरे.

भावे जुन्या कवींच्या पोथ्यांमागे हिंडले, कारण त्या काळी नाहीशा होणाऱ्या वस्तू त्या होत्या. आज नाहीशा होणाऱ्या वस्तू कोणत्या? नाट्यजल्लोषासारख्या उपक्रमांतून वर्षानुवर्षे लिहिल्या गेलेल्या संहिता, वस्त्यांतल्या भीमजयंतीला दर वर्षी नव्याने रचली जाणारी आणि पुढल्या वर्षी विसरली जाणारी गाणी, संपाच्या दिवसांत कारखान्याच्या दारावर म्हटलेले पोवाडे, बायकांच्या मोर्च्यांतल्या ओव्या. या गोष्टींचे वाङ्मयीन मूल्य काय, असे कोणी विचारील. काहींचे फार नसेल. भाव्यांनी गोळा केलेल्या पोथ्यांतल्याही सगळ्याच कविता थोर नव्हत्या. आधी गोळा केल्या, मग इतिहास लिहिला. आपण क्रम उलटा केला आहे. आधी निकष लावतो आणि निकषात न बसणारे गोळाच करत नाही; मग नव्या पिढीला सांगतो, की या प्रदेशात गेल्या चाळीस वर्षांत लक्षणीय असे काही लिहिले गेले नाही.

विद्यापीठीय विभागांना हे काम अशक्य नाही. पदव्युत्तर वर्गातला प्रत्येक विद्यार्थी वर्षाला एक लघुप्रकल्प करतो. त्यांतले निम्मे प्रकल्प अमक्या कादंबरीतील स्त्रीचित्रणावर असतात आणि त्यांतले निम्मे एकमेकांसारखे असतात, हे आपण परीक्षक म्हणून जाणतो. त्याऐवजी दहा विद्यार्थ्यांनी आपल्या वस्तीतली दहा नाटुकली आणि पन्नास गाणी, ती करणाऱ्यांच्या नावांनिशी, तारखेनिशी आणि खोडलेल्या ओळींसकट उतरवून आणली, तर पाच वर्षांत जे जमेल ते कोणत्याही संग्रहालयाने हेवा करावा असे असेल. खोडलेल्या ओळींसकट, हे मी मुद्दाम म्हणते. पाठचिकित्सेचे आपले सारे शास्त्र पाठभेदांवर उभे आहे. ज्ञानेश्वरीच्या एका शब्दासाठी आपण प्रतींची छाननी करतो. टँकर आधी कोणत्या गल्लीत जातो, हाही एक पाठभेद आहे आणि तो कोणी, कधी, कोणाच्या सांगण्यावरून गाळला, याची नोंद हवी. माझ्या बाबतीत ती नोंद वर केलेली आहे.

ती मुलगी आता एका औषधांच्या दुकानात हिशेब पाहते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी तिला आणि तिच्या दोन मैत्रिणींना घरी बोलावले. नाटुकले आठवेल तेवढे सांगा, मी लिहून घेते, म्हणाले. दुपारभर बसलो. पहिली दहा मिनिटे जवळजवळ अक्षरशः आठवली, कारण रांगेतली भांडणे त्यांना तोंडपाठ होती. मधला भाग तुटक आला. शेवटच्या ओळींपाशी आल्यावर तिघींत मतभेद झाला. एक म्हणाली, टँकर आधी मंदिराच्या गल्लीत जातो असे होते. दुसरी म्हणाली, नाही, ते नंतर बदलले, आधी नुसते 'तिकडं' असे होते. ती मुलगी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ''मॅडम, मला रेघ मारलेली आठवते. खाली काय होतं ते नाही आठवत.'' दोन्ही पाठ मी एकाखाली एक लिहून ठेवले आहेत.